सेमीच्या आधीचे दिवस

फुटबॉल संघात तिला सगळ्या गोंद म्हणायच्या, कारण बॉल एकदा तिच्या हातात आला की सुटायचा नाही. धाकट्या मुली मानाने गोंदताई म्हणायच्या. तिशी ओलांडलेली, उंच, रुंद खांद्यांची गोलकीपर. बाळंतपणानंतरची ही तिची पहिलीच राष्ट्रीय स्पर्धा होती. मुलगी नऊ महिन्यांची झाली होती आणि घरात तिला बबडी म्हणत.

जायचं की नाही, यावर घरात बरेच दिवस कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जायचा, दमून यायचा आणि "तू ठरव" म्हणायचा. या "तू ठरव"चा अर्थ मोकळीक नव्हे, अंग काढून घेणं, हे गोंदला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. रांगणाऱ्या पोरीच्या मागे धावणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

शेवटी मोठी नणंद आली. वन्सं दुसऱ्या गावात एका छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीचं काम करायच्या आणि एकट्याच राहायच्या. साठवलेली रजा काढून त्या बॅगेसकट दारात उभ्या राहिल्या.

"जा बाई तू," त्या चपला काढता काढताच म्हणाल्या. "नाही गेलीस तर जन्मभर आमच्यापुढे भांडी आपटत बसशील. त्यापेक्षा बबडी परवडली."

"रडेल हो ती, वन्सं."

"रडू दे की. तुझा नवरा याच हातांनी वाढवलाय मी. तो काय कमी रडका होता?"

बबडी मऊ भात खायला लागली होती, तरी सकाळ-संध्याकाळ तिला अंगावरचंच लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिकडे रोज हाताने दूध काढत राहा, चुकवू नका. म्हणजे आटणार नाही. आल्यावर घेईल ती परत." गोंदने हे मनात पक्कं केलं आणि निघाली. निघताना बबडी झोपली होती. मुद्दामच ती वेळ निवडली होती.

संघांची सोय एका शाळेत केली होती. बाकं भिंतीशी रचून वर्गात गाद्या टाकलेल्या, फळ्यावर अर्धवट पुसलेल्या बेरजा. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. टाचणी बाहेर पाठ लावून उभी राहायची. टाचणी म्हणजे संघातली सगळ्यात लहान बचावपटू, अंगाने काडी आणि बोलायला टोकदार. आत गोंद पेल्यात दूध काढायची आणि मोरीत ओतून द्यायची. पहिल्या दिवशी ते ओतताना तिने तोंड फिरवलं.

"झालं का, ताई? कुणीतरी येतंय. आत भूत आहे म्हणून सांगू?"

"सांग. नाही तरी तसंच दिसतंय माझं तोंड."

मैदानावर मात्र तिचं शरीर तिला विसरलं नव्हतं. सुरुवातीला उडी मारताना कंबर कुरकुरायची, दुसऱ्या सामन्यापासून तीही गप्प झाली. एकामागून एक सामने जिंकत संघ सेमीपर्यंत पोचला. या संघाने आजवर कधी फायनल पाहिली नव्हती. प्रशिक्षक मॅडम कुणाचं तोंडावर कौतुक करायच्या नाहीत, पण त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातलं केळं उचलून गोंदच्या ताटात ठेवलं.

गडबड झाली ती सेमीच्या दिवशी. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेत वर्षभर दोन गट भांडत होते. दोघांचे अध्यक्ष वेगळे, दोघांचे शिक्के वेगळे, आणि दोघेही स्वतःला खरे म्हणवणारे. तोवर हे भांडण कचेरीतच होतं. त्या दिवशी ते मैदानात उतरलं. संघ रांगेत उभे राहिले तर समोर दोन रंगांच्या शर्टांत दोन रेफरी, प्रत्येकाच्या मागे आपापले लाइन्समन. दोघांनीही नाणेफेक केली. एकीत गोंदचा संघ जिंकला, दुसरीत हरला. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मग मधल्या गोलात पदाधिकारी एकमेकांच्या अंगावर गेले, कुणीतरी बॉलच काखेत मारून चालता झाला, पोलीस आले. हसणं थांबलं.

गोंद हातमोजे घालून आपल्या गोलमध्ये उभी होती. शिट्टी वाजलीच तर आपण जागेवर असायला हवं, म्हणून ती हलली नाही. मैदान रिकामं झाल्यावर मॅडमनी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती बाहेर आली.

संध्याकाळी कळलं की एक गट कोर्टात गेला आहे आणि स्पर्धेला स्थगिती मिळाली आहे. "उद्या-परवा उठेल," असं सांगणारा माणूस रोज वेगळा असायचा, वाक्य तेच.

दोन संघ वाट न पाहता निघून गेले. शाळेची सुट्टी संपली. एका सकाळी गोंद गादी गुंडाळत होती, तर दारात दप्तर घेतलेली एक चिमुरडी उभी.

"हा आमचा वर्ग आहे."

"हो गं, निघतोच आम्ही."

मुलीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही नापास झालात म्हणून अजून शाळेत आहात का?"

टाचणी खो खो हसली. गोंदही हसली आणि त्या मुलीच्या गालाला हात लावायला वाकली. पण मध्येच थांबली. कुणाच्याही गालाला हात लावला असता तर आपल्याला रडू फुटलं असतं, असं तिला वाटलं.

तिथून संघाला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या कोठीत हलवलं. जुन्या जाळ्या, चुना, गंजलेले खांब, ओलसर वास. पाण्याचा एकच नळ, तोही बाहेर उघड्यावर. आडोसा म्हणून गोंद जाळ्यांच्या ढिगामागे टॉवेल धरून बसायची. पलीकडे इतर मुलींची ये-जा, बाहेर चौकीदार. कधी वेळ मिळायचा, कधी नाही. कधी बसूनही काही यायचं नाही, कारण कान सगळे बाहेरच्या पावलांकडे.

घरी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. सुरुवातीला बबडी फोनवर झेप घ्यायची, पडदा चाटायची, आणि वन्सं ओरडायच्या, "अगं, आई आहे ती, खाऊ नकोस तिला!" मग ती नुसती बघायला लागली. आणि मग एक दिवस तिने पडद्याकडे पाहिलं, क्षणभर ओळखीचं काही शोधल्यासारखं केलं आणि मान वळवून वन्संच्या खांद्यात खुपसली.

"झोप आलीय तिला," वन्सं घाईघाईने म्हणाल्या.

"हो, दिसतंय," गोंद म्हणाली. बबडीला झोप आली की ती डावा कान ओढते. ती कान ओढत नव्हती, हे दोघींनाही दिसत होतं.

मग बबडीला ताप आला. वन्संनी आधी दातांवर ढकललं, पण नवऱ्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं. गोंदने बॅग भरली आणि मॅडमकडे गेली. मॅडम पायरीवर बसून मुलींचे बूट उन्हात मांडत होत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "मी अडवणार नाही. मलाही दोन आहेत."

"पण?"

"पण काही नाही."

"मॅडम, तुमचं 'पण' तोंडावर लिहिलंय."

मॅडमनी हातातला बूट खाली ठेवला. "दुसरी कीपर बोट मोडून घरी गेली, तुला माहीत आहे. स्थगिती उठली आणि सामना लागला, तर गोलमध्ये टाचणीला उभं करावं लागेल. तिचा हात वरच्या दांड्याला पोचायला तिला शिडी लागेल. एवढंच आहे ते 'पण'. आता जा."

गोंद कोठीच्या दाराशी येऊन थांबली. आत मुली गाद्यांवर बसून पत्ते खेळत होत्या. या मुलींपैकी कुणी नोकरी सोडून आली होती, कुणी भांडून. टाचणीने पत्त्यांवरून मानसुद्धा वर केली नाही. "जाऊ नका ना" असं एखादी म्हणाली असती, तर कदाचित गोंद गेली असती. तिने घरी फोन लावला.

"ताप उतरलाय," वन्सं म्हणाल्या. "आत्ता वाटीभर पेज प्यायली. तू खेळून ये. आता अर्ध्यावर येऊन कुणाचं भलं होणार आहे?"

"वन्सं, खरं सांगताय ना?"

"तुझ्या नवऱ्यासारखी मला खोटं बोलायची सवय नाही."

ताप खरंच उतरला होता. वन्संनी लपवलं ते वेगळंच होतं. त्यांची रजा कधीच संपली होती आणि छापखान्यातून रोज विचारणा होत होती. गोंदने बॅग पुन्हा गादीच्या उशाशी ठेवली. एक दिवस थांबू, असं ठरवून. मग आणखी एक.

त्यानंतरची एक सकाळ. मुली अजून उठायच्या होत्या. जाळ्यांमागून गोंदची काहीच हालचाल नाही, म्हणून टाचणी डोकावली. गोंद रिकामा पेला मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, काय झालं? दुखतंय का?"

"नाही. दुखायचं थांबलंय." पेला उपडा करून ती म्हणाली, "गेलं गं."

"काय गेलं?"

"दूध."

टाचणी एकोणीस वर्षांची होती. अशा वेळी काय म्हणतात, ते तिला ठाऊक नव्हतं. ती जाळ्यांवर चढून पलीकडे उतरली आणि गोंदला खेटून बसली. "येईल परत," असं ती म्हणाली, पण तिलाच ते पोकळ वाटलं. गोंद रडली नाही. तिने पेला नळाखाली विसळला आणि चहासाठी टाचणीच्या हातात दिला.

त्या दुपारी सराव होता. उघड्या मैदानात मुली जीव तोडून खेळत होत्या. इतके दिवस कोंडलेलं सगळं पायांत आलं होतं. मध्येच मॅडमचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, दोन शब्द बोलल्या, फोन खिशात टाकला आणि शिट्टी तोंडाला लावून सराव पुढे चालू ठेवला. गोंद लांबून त्यांच्याकडे पाहत होती. मॅडम एरवी सतत ओरडायच्या: पुढे हो, मागे ये, डोळे कुठे आहेत! आता त्या ओरडत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, एकेकीकडे, सावकाश. गोंदला कळलं. तिने बॉल लांब मारला, जोरात, आणि इतरांना हाक दिली, "चला गं, अजून एक!"

ऊन उतरल्यावर, सगळ्या घामेघूम होऊन गवतावर पडल्यावर, मॅडमनी सांगितलं. स्पर्धा रद्द. झालेले सामनेही धरायचे नाहीत. विजेता कुणी नाही.

"म्हणजे आपण हरलो का?" टाचणीने विचारलं.

"नाही."

"मग?"

मॅडम उठल्या. त्या मैदानावर मांडलेले सरावाचे कोन गोळा करायला लागल्या.

गोंद घरी पोचली तेव्हा सकाळ होती. जिन्यातच तिला बबडीचा आवाज ऐकू आला आणि शेवटच्या पायऱ्या ती पळत चढली. दार उघडलं. वन्संच्या कडेवर बबडी होती, थोडी वाळलेली, थोडी लांबलेली, खालचे दोन दात फुटलेली.

"बघ कोण आलं," वन्सं म्हणाल्या.

बबडीने पाहिलं. गोंदने हात पुढे केले. ज्या हातांतून बॉल सुटत नसे, ते हात बबडीने टाळले. ती वन्संना घट्ट बिलगली आणि ओठ काढून रडायला लागली.

"अगं, लांबून आलीस ना, घामेजलेली आहेस, म्हणून," वन्सं म्हणाल्या. "अंघोळ करून ये. तोवर येईल ओळख."

ओळख आली, दुपारपर्यंत. बबडी तिच्या मांडीवर आली, तिची वेणी ओढली, नाकात बोट घातलं. गोंदला वाटलं, बघू या. खोलीचं दार लोटून तिने बबडीला पदराखाली घेतलं. बबडीने तोंड लावलं, जुन्या सवयीने दोनदा ओढलं आणि थांबली. मान मागे घेऊन तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. पुन्हा एकदा तिने तोंड लावलं. मग ती कळवळून रडली.

वन्सं दुधाची बाटली घेऊन दारात आल्या. बबडीने त्यांच्याकडे दोन्ही हात पसरले. वन्सं आत आल्या नाहीत. बाटली गोंदच्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच पाज. जरा तिरकी धर, नाहीतर वारा जातो पोटात." आणि घाईने स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. कितीतरी वेळ येत राहिला.

दुसऱ्याच दिवशी वन्सं निघाल्या. छापखान्याने त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली होती. जाऊन हातापाया पडून पाहते, त्या म्हणाल्या, हसत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होत्या.

"वन्सं, माझ्यामुळे..."

"पुरे. मी माझ्या हौसेने राहिले. इतके दिवस कुणी गळ्यात पडून झोपलं नव्हतं माझ्या." एवढं बोलून त्यांनी बॅग उचलली. बबडी जागी होती. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं, पण बबडीला बॅग दिसली. त्या बॅगेचा अर्थ तिला कुणी शिकवला होता कोण जाणे, तिने टाहो फोडला.

गोंद तिला घेऊन गॅलरीत आली. खाली वन्सं रस्ता ओलांडत होत्या, बॅगेच्या ओझ्याने एका अंगाला कललेल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. बबडी आईच्या कडेवरून पुढे झेपावत होती, हात लांब करकरून बोलावत होती. गोंदने तिला आवळून धरलं होतं, आणि तिला गप्प कर असं कुणी म्हणायला तिथे नव्हतं, म्हणून तीही मोकळेपणी रडत होती.