पाठीवरची दोन बोटं

"पाठीवर जरा जोरात वाजव. हात कापतोय का तुझा?" उग्लेशाने मान मागे वळवून विचारलं.

"कापतोय कसला? घाम आलाय," सेन्का म्हणाली. तोंड त्याला नीट दिसेल असं पुढे करून म्हणाली, आणि साफ खोटं बोलली.

टिसा नदीच्या काठी, पॉप्लरच्या झाडांखाली त्यांचा मंच उभा होता. त्यांच्या छोट्या कंपनीचं 'लिपा' हे नाव वर एवढं मोठं रंगवलेलं. वीस वर्षं नवरा-बायकोने सुबोतित्सातल्या स्वयंपाकघरात बसून टेक्नो संगीताच्या तबकड्या काढल्या, स्वतः पाकिटात भरल्या, टपालाने धाडल्या. आता कुठे एका उन्हाळी महोत्सवाने लिपाला स्वतःचा मंच दिला, तर उग्लेशाचे दोन्ही कान गेलेले. मेलं नशीबच उफराटं.

हे ठाऊक फक्त सेन्काला. लिपाच्या मंचावर ठेका जुळवून देणारा कॉम्प्युटर चढणार नाही, एका तबकडीवर दुसरी जुळवायची ती कानानेच, हा नियम उग्लेशाचाच. तो मोडला असता तर लाज राहिली असती. पण ऐकेल तर शपथ! मग हिवाळाभर घरी सराव केला. वाजत्या तबकडीचा ठेका तो टेबलाला मांडी टेकवून घ्यायचा. पुढच्या तबकडीचा ठेका सेन्का हेडफोनमध्ये ऐकून दोन बोटांनी त्याच्या पाठीवर धरायची. तबकडी संपत आली की खांदा दाबायची.

"एकदाच," तो म्हणाला होता. "एकदा आपल्या मंचावर वाजवू दे. मग तबकड्या विक, मलाही विक."

"तुला कोण घेतंय?" ती म्हणाली होती, आणि न्हाणीघरात जाऊन रडली होती.

पाच तबकड्या बिनचूक जुळल्या. सुबोतित्साची जुनी मंडळी कलिंगडाच्या फोडी खात पुढे नाचत होती. उग्लेशाने डोळे मिटून घेतले होते. इतका सुखात तिने त्याला कैक वर्षांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात महोत्सवाची व्यवस्था बघणारा लाझार मंचाखालून हात हलवायला लागला. काय म्हणतोय ते कळेना. तबकडी अजून बरीच शिल्लक होती. मिनिटात येऊ म्हणून ती खाली उतरली.

"ताई, गावातून तक्रार आलीय!" लाझार तिच्या कानात ओरडला. "आवाज कमी करा, नाहीतर वीज तोडतील!"

"आणि शेजारच्या मोठ्या मंचाचं काय? तिथे जमीन हादरतेय, ती गावाला दिसत नाही?"

"त्यांना कोण बोलणार? तुम्ही गरीब सापडलात."

"गरीब कोणाला म्हणतोस रे?" सेन्का भडकली. आवाज कमी केला तर उग्लेशाची मांडी काय ऐकणार, हे या पोराला सांगायची सोय नव्हती. तिने त्याला असा फैलावर घेतला की भान राहिलं नाही.

"ताई, हळू बोला ना," लाझार म्हणाला.

तो साध्या आवाजात बोलला होता, आणि तिला स्वच्छ ऐकू आलं होतं.

सेन्काने वळून मंचाकडे पाहिलं. तबकडी संपली होती. सुई नुसती मधोमध खरखरत होती. उग्लेशा मात्र डोळे मिटून मान डोलवत होता. शेजारच्या मंचाचा दणका जमिनीतून, टेबलातून त्याच्या मांडीत चढत होता, आणि तो त्याला आपला वाटत होता. लोक थांबले होते, बघत होते.

"म्हातारा चढवून आलाय वाटतं," कुणीतरी हसलं.

जिना मागच्या बाजूला होता. वर पोचेपर्यंत त्याने डोळे उघडले असते आणि हे चेहरे पाहिले असते. सेन्का गर्दीत घुसली, अगदी पुढे गेली, आणि शेजारच्या त्या दणक्यावर नाचू लागली. गुडघा दुखत होता. जुन्यांपैकी दोघांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हातातल्या फोडी टाकून तेही नाचू लागले.

उग्लेशाने डोळे उघडले. नाचणारी बायको पाहून तो आधी हसला.

मग त्याचा हात हळूच मागे गेला आणि पाठ चाचपू लागला. त्याने खाली तबकडीकडे पाहिलं. सुई उचलली, तबकडी बाहीने पुसली, पाकिटात घातली, घरी घालतो तशी.

सेन्का नाचतच राहिली.