कडलूच्या घासाची वाटी

“प्रतिमे, आपलं ताट वाढण्याआधी दारातल्या मुक्या जिवाचा घास या वाटीत काढायचा. तो जेवला की मग आपण.”

हा आवाज प्रतिमाताईंच्या आईचा. लग्नाच्या दिवशी मला लेकीच्या हातात देताना त्या हे बोलल्या. इतकी वर्षं झाली, पण माझ्या काठाला अजून तो आवाज चिकटलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची वाटी आहे. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून ठोकून आकार दिला. पोटात कल्हई चढली तेव्हा मी चांदीसारखी दिसत होते. रुखवतातून निघाले ती थेट बेंगळुरूला आले. प्रतिमाताईंचे यजमान श्रीकांतराव इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. यशवंतपूरच्या पुढे त्यांचं क्वार्टर होतं, दारात फाटक आणि फाटकाशी रोज येणारी एक तांबडी गाय. देवाला नैवेद्य दाखवला की ताई माझ्यात घास काढत आणि फाटकाशी उभ्या राहत. गाय जेवली की मग त्या जेवत. शेजारची यल्लव्वा म्हणायची, “अक्का, तुमची गाय तुमच्यापेक्षा वेळेवर जेवते.” मला हे बोलणं फार आवडायचं.

मग श्रीकांतराव निवृत्त झाले आणि आम्ही बसवनगुडीतल्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून येणार? ताई खिडकीच्या कट्ट्यावर कावळ्यासाठी घास ठेवू लागल्या, तोही सरळ कट्ट्यावरच. मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. तिथे मी काळी पडले. कुणी विसरलं असं मी म्हणत नाही, पण कुणाला माझी आठवणही झाली नाही.

गेल्या कार्तिकात, शेवटच्या सोमवारी, आमच्या भागात शेंगांची जत्रा भरली. ताईंची लेक वल्लरी जत्रेतून घरी आली ती ओढणीत एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन. एका हातगाडीखाली, शेंगांच्या टरफलांत, ते एकटंच कुईकुई करत होतं. इथे शेंगांना कडलेकाई म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं कडलू.

कडलूला जनावरांचे डॉक्टर नागराज यांनी तपासलं. पोट नाजूक आहे, वजन कमी आहे, पिल्लांसाठीचं कोरडं खाणंच द्या, असं त्यांनी वल्लरीला बजावलं. कोमट पाण्यात जरा भिजवा, पंधरा मिनिटं समोर ठेवा, नाही खाल्लं तर उचला, पुन्हा पुढच्या वेळी ठेवा. मध्ये दुसरं काही नको.

वल्लरी संगणकाच्या नोकरीत आहे. सकाळी ती नव्या स्टीलच्या भांड्यात ते तपकिरी दाणे ठेवायची. कडलू हुंगायचा, एक दाणा तोंडात घेऊन फरशीवर टाकायचा आणि निघून जायचा. वल्लरी भांडं उचलून ऑफिसला जायची.

दुपारी ताईंची पूजा आटपायची. त्या दिवसातून एकदाच जेवतात, नैवेद्यानंतर. आता घरातच मुका जीव होता, आणि तो उपाशी होता. एके दिवशी ताईंनी ताट वाढलं, पण जेवायला बसवेना. त्या उठल्या, माळ्यावरून मला काढलं, चिंचेने घासलं, पुन्हा पिवळीधमक केलं. माझ्यात दूधभात कालवला, वर साजूक तूप. कडलूने मला असं चाटलं की मी जमिनीवर गोल गोल फिरले. मग ताई शांतपणे जेवल्या.

खरं सांगते, त्या दिवशी मी इतकी खूश होते की दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही.

हे रोज होऊ लागलं. वल्लरी यायच्या आत मला धुऊन पुसून देवघराच्या फळीखाली ठेवलं जाई. कडलू शहाणा होता. दुपारी दूधभात येतो हे कळल्यावर सकाळी कोण दाणे चावत बसणार? त्याचं पोट मात्र बिघडत गेलं. दूधतूप त्याला सोसेना. बरगड्या दिसू लागल्या. वल्लरी खाण्याची पाकिटं बदलायची, पोट बिघडलं की रडवेली होऊन फरशी पुसायची.

एका शनिवारी तिने जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवून डॉक्टरांशी बोलणं केलं. त्यांनी विचारलं, “घरचं काही देता काय? दूध, भात, स्वल्पसुद्धा?”

“स्वल्पसुद्धा नाही, डॉक्टर,” वल्लरी म्हणाली.

ताई समोर बसल्या होत्या. जपमाळेवरचं त्यांचं बोट थांबलं. मी फळीखाली पालथी होते, आणि माझ्या पोटात काही नसताना मला फार जड वाटलं.

फोन ठेवून वल्लरी म्हणाली, “मलाच जमत नाहीये. ऑफिसातली क्षमा न्यायला तयार आहे. तिच्याकडे आधीचा कुत्रा आहे, तिला सवय आहे. उद्या येते म्हणालीय.” आणि ती कडलूला कुशीत घेऊन खोलीत गेली.

श्रीकांतरावांनी पेपर खाली केला. “पिल्लाला कोरडं, मला अळणी. या घरात आम्हा दोघांचेच हाल. पण त्याला निदान दुपारचं तूप मिळतं.”

“अहो, हळू बोला.”

“तुझा देव बघतो की नाही ठाऊक नाही. मी रोज बघतो.”

“तो जेवल्याशिवाय मला जेवता येत नाही. आईला शब्द दिलाय.”

“मग तो दूधभात कुणासाठी, प्रतिमा? त्याच्यासाठी, की तुला ताटावर बसता यावं म्हणून?”

ताई उठल्या. त्यांनी मला फळीखालून काढलं, पदराने पुसलं आणि वल्लरीच्या खोलीत गेल्या.

“ही बघ,” त्या म्हणाल्या. “दुपारी मी यातून त्याला दूधभात घालते. रोज. तुझं काही चुकलं नाही.”

वल्लरीने माझ्याकडे बघितलं. “आई, मी आता डॉक्टरांना काय सांगितलं, ऐकलंस ना? आणि तू गप्प बसलीस.”

“बसले.”

“मला वाटत होतं, याला माझाच हात नको आहे.”

ताईंचे डोळे भरले. “क्षमाला थांब म्हण. उद्यापासून माझ्या हातून दुधाचा थेंब नाही. पंधरा मिनिटांनी वाटी उचलेन.”

“आणि त्याने नाही खाल्लं तर तू उपाशी बसशील. मी ओळखते तुला.”

“बसेन स्वल्प. इतके दिवस माझ्या भुकेचा भार त्याच्या पोटावर टाकला.”

वल्लरी हसली नाही. पण तिने फोन उचलला आणि क्षमाला म्हणाली, “उद्या नको गं. थोडे दिवस बघते.”

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा मुका जीव असेल. तो आशेने बघेल, तुमचा जीव कळवळेल. घास जरूर घाला, पण त्याला काय सोसतं ते आधी विचारा. मी रिकामी झाले की मला चांगलं काम केल्यासारखं वाटायचं. माझ्यातलं कुणाच्या पोटात जाऊन काय करतं, हे मी कधी विचारलं नाही. वाटीला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.

आज दुपारी पूजा झाली, नैवेद्य झाला. ताईंनी दुधाचं पातेलं झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. माझ्यात दाणे पडले. असा आवाज माझ्या पोटात पूर्वी कधी झाला नव्हता. वरून कोमट पाणी आलं. त्यांनी स्वतःचं ताट ओट्यावर पालथं घातलं आणि मला दोन्ही हातांत धरून कडलू झोपला होता त्या गॅलरीकडे निघाल्या.