भिंतीवरचं गाव

मी नकाशा बोलतोय. कुठल्या जिल्ह्याचा ते मात्र विचारू नका, माझाच घोळ झालाय.

जन्मलो परभणी जिल्हा म्हणून. छापखान्यातून निघालो तेव्हा इतका ओला होतो, की माझ्यातली पूर्णा नदी वाहून शेजारच्या नकाशातली गावं बुडाली. खोटं वाटत असेल तर त्या गावांना विचारा! वसमतच्या बाजारातून धर्मसिंग नायकानं मला नदीकाठच्या तांड्यावर आणलं आणि ओसरीत टांगलं.

एकोणीसशे नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला. धर्मसिंगनं कात्री काढली. "वाटणी झाली म्हणल्यावर कागदबी वाटावा लागतो!"

वरचा मी भिंतीवर राहिलो. खालचा मी, परभणीवाले मागायला येतील म्हणून, कणगीमागं ठेवला. कुणी आलं नाही. उंदरांनी तालुकेच्या तालुके फस्त केले. डोक्यावर नाव परभणीचं, अंगात हिंगोली, आणि कोपऱ्यातलं अंतराचं माप उंदराच्या पोटात!

तशात धर्मसिंगच्या धाकट्या लेकीला, सुनिताला, दोन स्थळं आली. एक सेनगावकडचं, एक नदीपलीकडचं. थोरली लांब दिलेली, सणालाही दिसत नसे; म्हणून मिराबाईला, पोरींच्या आईला, धास्ती.

धर्मसिंगनं माझ्यावर बोट फिरवलं. "सेनगाव आपल्याच जिल्ह्यात. हे बघ, इतभर. आन् दुसरं..." बोट कडेवरून घसरलं. "पुढं भिंतच हाय."

"मंग काय भिंतीत पोरगी देता?" मिराबाईचे डोळे भरले. "सेनगावच करा."

माप असतं तर सांगितलं असतं, त्या इतभरात दोन एसट्या बदलाव्या लागतात. नदीपलीकडचं ते गावही एकेकाळी माझ्यात होतं खरं. पण कुठं? मला आठवेना.

सुनिता हळद निवडत होती. "बापू, परवा आपली म्हैस चरत चरत तिथंच गेली व्हती. तुमीच गुडघाभर पाण्यातून हाकत आणली. जिल्हा बदलला हे तिला सांगितलं न्हाई व्हय?"

"म्हैस अडाणी हाय," धर्मसिंग म्हणाला.

सुनितानं ओल्या हळकुंडानं माझ्या कडेखाली, भिंतीवर, पिवळा ठिपका काढला आणि आईला म्हणाली, "याडी, हे ते गाव. हाक मारली तर ऐकू येईल."

मिराबाईनं एक बोट तांड्यावर ठेवलं, दुसरं ठिपक्यावर. हात ताणावाच लागला नाही.

"सेनगाव नको, हेच करा," म्हणाली.

आता मी पुरता जीर्ण झालोय. बाबांनो, मला जरूर बघा. पण माझी कड आली म्हणून थांबू नका. मिराबाई थांबत नाही. येता-जाता मला सोडून खाली भिंतीवरच्या पिवळ्या ठिपक्यावर बोट टेकवते आणि विचारते, "जेवलीस का गं?"