गोठण्याआधी

बस सुरू झाली, डेपोच्या फाटकापर्यंत धापा टाकत गेली आणि तिथेच बंद पडली. बाकीच्या ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या, जणू फुकटचा खेळ लागला होता.

"ओ रसायनबाई, तुमच्या औषधानं गाडीला झोप लागली वाटतं!"

हे नाव डेपोनंच ठेवलेलं. डोंगरावरच्या या डेपोत बस चालायच्या तळणाच्या टाकाऊ तेलापासून केलेल्या जैवइंधनावर, आणि थंडी पडली की ते इंधन मेणासारखं थिजायचं. त्यावर उपाय म्हणून तिनं एक संयुग बनवलं होतं. झोप, डोळे, लग्नाचं वय, सगळं त्यात घातलं होतं. पण प्रयोगाला गाडी द्यायची म्हटल्यावर सगळ्या शूरवीरांनी माना खाली घातल्या. शेवटी तिच्या थोरल्या भावानं आपली बस पुढं केली.

साहेब मफलर सावरत आले. "उद्याची पहिली फेरी. सुटली नाही तर टाक्या उपसून साधं डिझेल भरायचं. आणि बाई, तुम्ही तुमच्या औषधाचा कॅन उचलायचा. कायमचा."

दादानं फिल्टर खोलून तिच्यापुढं धरला. आत पिवळा गाळ गच्च बसला होता.

"ठमे, मेण होणार नाही म्हणालीस ना?"

"होईल, पण वाढणार नाही म्हणाले! कण बारीक राहतात, फिल्टरमधून निघून जातात."

"हे बारीक? बुटाला पॉलिश करता येईल याचं!"

तिचा जीव तीळतीळ तुटला. या माणसानं तिच्यासाठी चारचौघांत हसं करून घेतलं होतं. ती गाळ बोटानं चोळत राहिली. मग एकदम मान वर केली.

"कॅन कधी ओतलास?"

"टाकी भरल्यावर, वरून. आपल्याकडे सगळं तसंच ओततात."

"आणि टाकी कधी भरली?"

"आज पहाटे. थंडीनं हातात पाइप धरवत नव्हता."

"अरे, तेल आधीच थिजलं होतं! गाढवपणा केलास दादा!" आणि लगेच तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "नाही. गाढव मी. माझी खोली उबदार, माझं तेल कायम पातळ. कोमट तेलातच मिसळायचं, हे सांगायचं सुचलंच नाही मला!"

संयुग मेणाच्या कणाला जन्मतःच चिकटतं, त्याला हातपाय पसरू देत नाही. मेण एकदा माजलं की वरून कितीही ओता, मेलेल्याला सलाइन लावल्यासारखं.

आता तिच्या अंगात वारं शिरलं. टाकी उपसली. बस धुण्याच्या शेडमध्ये गरम पाण्याचा हौद होता, त्यात इंधनाचे डबे उभे केले. गढूळ तेल हळूहळू निवळलं, पार तळ दिसेपर्यंत. पहिल्या वेळचं औषध त्यात होतंच. आता तेही नीट विरघळलं. मग ते तेल परत टाकीत भरलं.

साहेबांनी नाक मुरडलं. "कोमट तेलावर माझी आजीसुद्धा धावेल."

"म्हणून तर गाडी रात्रभर उघड्यावर ठेवणार आहे! आजीला पण बोलवा सकाळी!"

तिनं दोन बाटल्या बसच्या आरशाला बांधल्या. एकीत हेच तेल, दुसरीत बिनऔषधाचं.

पहाटे काचेवर पांढरं दव गोठलं होतं. सगळा डेपो आरशाखाली जमला. तिनं बिनऔषधाची बाटली उलटी केली. ढिम्म. थेंब हलला नाही. मग दुसरी. तीही गढूळ होती, पण उलटी करताच तेल खळकन बुडाकडून तोंडाकडे धावलं.

"धावलं!" ती किंचाळली. "दादा, मार चावी!"

नवा फिल्टर बसवून झालाच होता. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मग असं गर्जलं की शेडचे पत्रे थरथरले. बस फाटकापर्यंत गेली. सगळे टाचा उंचावून बघू लागले. बस फाटकाबाहेर पडली, चढाला लागली, आणि दादा खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत हॉर्न दाबत सुटला.

"अहो, पुढं बघून चालवा!" साहेब ओरडले, पण हसत होते. "बाई, बाकीच्या गाड्यांना किती कॅन लागतील?"

"कॅनचं नंतर. आधी माझे डबे ठेवायला उबदार खोली द्या. तुमची चालेल."

"माझी?"

"तुम्ही मफलर घालताच की!"

काल टाळ्या पिटणाऱ्यांनी आज शिट्ट्या मारल्या. तिनं बाटली पुन्हा उलटी केली. नुसतंच, ते धावताना बघायला.