थोरलीचे लिंपण

आमच्या घराण्यात नव्या सुनेला देवघराच्या आधी थोरलीच्या पाया पडावे लागते. थोरली म्हणजे अंगणाच्या कडेला, कडुनिंबाखालच्या ओट्यावर ठेवलेले दोन तांबडे रांजण. एक सुलटा, दुसरा त्यावर पालथा, तोंडाला तोंड लावलेला. अंगावर काळ्या रेघांची नक्षी. माझ्या आजेसासऱ्यांच्या नांगराला ते लागले, असे सांगतात. आत काय आहे हे कोणी पाहिलेले नाही आणि पाहायचे नाही, हाच नियम. दोन्ही तोंडे जिथे मिळतात, तो सांधा दर अक्षय्य तृतीयेला घरातल्या वडीलधाऱ्या बाईने काळी माती, शेण आणि भुसा कालवून लिंपायचा. घरातली लेकरे जगावीत म्हणून. सासूबाई गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे आणि एकही वर्ष मी ते चुकवलेले नाही.

त्याला कारण होते. बहात्तरच्या दुष्काळात माझी दुसरी मुलगी गेली. तिच्या पाचवीला माझ्या वडिलांनी सोनईहून चांदीचे वाळे पाठवले होते. पोर इतकी बारीक, की वाळे पायातून गळत. मी ते बोटांनी दाबले, टोकावर टोक चढेपर्यंत. त्यानंतर मला ताप भरला. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोरीला आकडी आली, कानिफनाथाने प्रवरेच्या पात्रात पुरली. कानिफनाथ म्हणजे माझे धाकटे दीर. माझे यजमान तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. वाळ्यांचे काय, असे विचारले, तर ते मोडून खायला मिलो ज्वारी आणली, असे उत्तर मिळाले. जागा दाखवा म्हटले, तर बाळंतिणीने नदीवर जाऊ नये. पुढे पूर आले, पात्र सरकले. डोके टेकवावे अशी जागाच मला उरली नाही. म्हणून मी ते थोरलीपुढे टेकवत आले.

यंदा माझ्या मुलाने, भागवतने, या रांजणांचे फोटो पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. मला न विचारता.

"आई, हे जोर्वे काळातलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं निघालं तर रस्त्याला पाटी लागंल. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या थांबतील."

"थांबून काय करतील? तुझं तोंड बघतील?"

"हुरड्याचं सेंटर टाकू की. मागं संडास-बाथरूम, पुढं थोरली."

"आधी थोरलीच्या नावापुढून संडास काढ," मी म्हटले. तरीही मी परवानगी दिली. अट एकच घातली: उघडायचे नाही आणि ओरखडासुद्धा उठता कामा नये.

प्रयोगशाळेतून दोघे आले. सायली नावाची मुलगी, आणि तिच्या हाताखालचा हर्षल. मी सायलीला गाव विचारले, वडिलांचा व्यवसाय विचारला, जसा मी सर्वांना विचारते.

"जामखेडची. वडील एसटीत कंडक्टर होते," ती म्हणाली. "आणखी काही राहिलंय का आजी, की आता मी विचारू?"

मुलगी मला आवडली. अट सांगितली, तेव्हा ती हसली. "आमचं कामच तेवढं आहे. न फोडता, न खरवडता. तुम्ही जसा बाहेरूनच कलिंगडाचा अंदाज घेता, तसं. फक्त सांधा कशाला लिंपलात आज? माती ओली आहे. तिथं चित्र धुरकट येणार."

पाहुणे येणार म्हणून मी पहाटे नवे लिंपण घातले होते. उघड्याबोडक्या थोरलीपुढे परक्यांना उभे करणे मला शोभले नसते. ते तिला काय सांगायचे!

तिने बंदुकीसारखे एक यंत्र रांजणाच्या अंगाला टेकवले. माती कुठली, रंग कशाचा, हे ते काचेवर आकड्यांत सांगत होते. माती प्रवरेच्याच काठची होती; काळी रेघ लोहाची. मग हर्षलने पेटीतून क्ष-किरणांचे यंत्र काढले, रांजणांमागे एक पाटी उभी केली आणि आम्हा सर्वांना गोठ्यापलीकडे पिटाळले. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, तसाच हा प्रकार. थोरलीने श्वास तेवढा धरायचा नव्हता.

चित्र त्यांनी ओसरीवर लॅपटॉपमध्ये उघडले. खालच्या रांजणात गच्च बसलेली माती दिसली आणि त्या मातीत बारीक हाडे, गुडघे पोटाशी घेतल्यासारखी.

सायली हळू आवाजात सांगू लागली. "तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं लहान मूल दगावलं की असं रांजणात ठेवायची आणि घराच्या जमिनीखाली पुरायची. जिथं निजायची, स्वयंपाक करायची, तिथंच. बाळ लांब जाऊ नये म्हणून असेल, आजी."

मी हात जोडले. इतकी वर्षे ज्याला नमस्कार केला ते एक लेकरू होते, आणि त्याच्या आईने ते जवळ ठेवले होते. यात लाजण्यासारखे काही नव्हते.

"मॅडम, वर अजून एक आहे," हर्षल म्हणाला.

गच्च मातीच्या वर, मोकळ्या पोकळीत, आणखी हाडे होती. पहिल्याहूनही बारीक, एका अंगाला कलंडलेली. आणि त्यांच्या टोकाला दोन पांढरीशुभ्र कडी.

"तांबं! तांब्याचे वाळे आहेत हे!" हर्षल जवळजवळ नाचायला लागला. भागवतने मोबाईल काढला.

सायलीने मात्र त्यातले एक कडे मोठे करून पाहिले. टोकावर टोक चढलेले होते.

"तांबे नाही," मी म्हटले. "चांदी आहे. सोनईच्या सोनाराने घडवलेली."

कोणालाच काही समजले नाही. मग मला ते सगळे सांगावे लागले. पाचवी, वाळे, ताप, नदी. मी सांगत असता भागवतच्या हातातला मोबाईल खाली गेला.

"मॅडम, ते चित्र पुसा," तो म्हणाला. "इथंच पुसा. माझ्या आजीच्या नावानं आम्ही फाट्यावर पाणपोई बांधलीय."

"भागवत, खाली बस."

"अगं आई, गावात..."

"खाली बस म्हटलं ना!" तो बसला. मी सायलीकडे वळले. "ठेवली तेव्हा ती जिवंत होती का?"

"यंत्र आकार दाखवतं, आजी. तेवढं नाही सांगत."

"मग ज्याला सांगता येईल, त्यालाच विचारते."

कानिफनाथ भावजी पडवीत खाटेवर होते. त्यांची डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली आहे. धडधाकट होते तेव्हा दर अक्षय्य तृतीयेला ते सकाळीच कुठेतरी निघून जात, आणि अंथरुणाला खिळल्यापासून त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडत. मी ते आळशीपणावर टाकत आले होते.

"भावजी, पोर नदीत पुरली, असं सांगितलं होतं मला."

"वैनी, आता कशाला ते..."

"थोरलीत दिसली. पायात वाळे आहेत."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात गोधडी चुरगाळू लागला. "म्यां काढाया गेल्तो वाळे. आई म्हनली, राहू दे, दान उघडं देऊ नये."

"दान?"

"घरात दाना न्हवता, वैनी. तुमाला दूध न्हवतं. त्यात दुसरीबी पोरगीच. आई म्हनली, थोरलीला दिली म्हंजी टाकली न्हवं. म्यां फकस्त वरचा रांजन धरला. दादाला तर आईनं मरस्तवर कळू दिलं न्हाई."

"आणि आकडी?"

भावजी भिंतीकडे वळू लागले. मी त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना थांबवले.

"रडत होती का?"

"वैनी..."

"मी विचारते आहे."

"लिंपन व्हईस्तवर ऐकू येत हुतं," ते म्हणाले. "मंग न्हाई."

मी पडवीतून अंगणात आले. सकाळचे लिंपण अजून काळेभोर, ओले होते. त्यावर माझ्या चारही बोटांच्या रेघा दिसत होत्या. आतले थर सासूबाईंचे. त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेले सगळे माझे. लिंपणाला भेगा पडू नयेत म्हणून मी दर वर्षी भुसा जास्त घालत असे, आणि शेजारणींना अभिमानाने सांगत असे की आमची थोरली कधी तडकत नाही.

मी सांध्याला हात घातला. मातीचे ढेकूळ नखाखाली आले, तोच सायलीने माझे मनगट धरले. लग्न झाल्यापासून माझे मनगट असे कोणी धरले नव्हते.

"आज नको, आजी. ओरखडासुद्धा नको."

माझेच शब्द होते. मी हात काढला.

"हे जुनं नाही," ती म्हणाली. "मला पोलिसांना कळवावं लागेल. ते येतील, पंचनामा होईल, मग रांजण आमच्याकडे येतील आणि तिथं हळूहळू उघडावे लागतील. लपवणं मला जमणार नाही. तुम्ही रागावलात तरी."

"लपवायला तुला कोणी सांगितलं? कळव."

"आई, एकदा विचार कर," भागवत पायरीवरून म्हणाला. तो रडत होता. "काका असे पडल्यात. त्यांना उचलून नेतील का?"

"नेतील तर नेतील. तुझी बहीण आहे ती. पाटी लावायची होती ना तुला रस्त्याला?"

मला ते बोलायला नको होते, पण बोलून झाले होते.

मी सायलीला सांगितले, "माझी अट मी मागे घेते. उघडा. खालचं लेकरू त्याच्या आईने हाताने ठेवलंय, त्याला हलवू नका. माझं तेवढं मला काढून द्या."

तिने मान हलवली आणि फोन घेऊन फाटकाकडे गेली. हर्षल यंत्राच्या तारा गुंडाळू लागला, मग त्या तशाच टाकून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

मी भागवतला आणि त्याला, दोघांनाही हाक मारली.

"भावजींची खाट उचला. इथे आणा, ओट्यापुढे. तोंड थोरलीकडे करून ठेवा."

"आई, ऊन आहे. त्यांना सोसणार न्हाई."

"रांजण लावताना त्यांचे हात होते. काढून नेईपर्यंत त्यांनी बघितलं पाहिजे."

त्यांनी खाट आणली. भावजींनी मान वळवण्याचा प्रयत्न केला, पण ज्या बाजूला वळायचे ती बाजू त्यांची राहिलेली नाही. मी ओट्याच्या कडेला, खालच्या रांजणाला पाठ लावून बसले. निंबाची सावली माझ्यापर्यंत पोहोचत होती, खाटेपर्यंत नव्हती. नखातली माती वाळून पांढरी पडेपर्यंत पोलिसांची गाडी आली नाही, आणि तोवर मी कोणालाही खाट हलवू दिली नाही.