सतरा नंबरचा बिल्ला

उड्डाणाच्या वहीत तपासनीस म्हणून सही तेवढी तिची उरली होती.

हँगरसमोर विमान तयार उभं होतं. अकरा वर्षं खपून इथंच बनवलेलं, दोन सीटचं. एरवी त्यावर नवे वैमानिक शिकणार, वेळ पडली तर तेच हल्ल्यालाही जाणार. आज ते पहिल्यांदाच पंखांखाली बॉम्बचं वजन घेऊन खाली सूर मारणार होतं. गच्चीवर पाहुणे दुर्बिणी पुसत बसले होते.

वही काखेत मारून ती अवजारांच्या फळ्यापाशी गेली. फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली, वर खिळा. अवजार नेलं की खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा, परत ठेवलं की काढायचा. फळ्यावर बिल्ला असेल तर विमान हलायचं नाही. हा नियम तिच्या वडिलांनीच बसवलेला. सगळे त्यांना 'ओळंबा' म्हणत. सूतभर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे.

आज फळ्यावर एकच बिल्ला होता. सतरा नंबर. त्यांचा.

एकोणीस दिवसांपूर्वी बाबा याच विमानाच्या शिडीपाशी छाती धरून बसले, ते घरी परत आलेच नाहीत. तेव्हापासून विमान कामासाठी जमिनीवर, आणि बिल्ला खिळ्यावर. माणसांनी आठवण म्हणून लावलाय, असंच ती धरून चालली होती. रोज दिसला की नजर वळवायची. आज मात्र तो घरी न्यावासा वाटला.

"काका, हा लावला कुणी?"

फोरमनकाका चष्मा पुसायला लागले. "लावला कुणीच नाही गं. होता तिथेच. काढायचा धीर झाला नाही कुणाला."

तिचा हात थांबला. बिल्ल्यामागची आकृती रिकामी होती. अडचणीच्या जागी डोकावायचा, लांब दांड्याचा छोटा आरसा.

"मग आरसा कुठेय?"

"त्यांच्या पेटीबरोबर घरी गेला असेल की."

पेटी तिने तीनदा उपसली होती. पान्यांना तेल लावलं होतं, चिंध्यांच्यासुद्धा घड्या घातल्या होत्या. आरसा नव्हता.

बाहेर इंजिनाची शीळ चढत चालली होती. डोक्यावर हातांची फुली करत ती विमानासमोर धावली.

साहेब गच्चीवरून खाली आले ते दात आवळूनच. "पाहुण्यांना काय सांगू? गेलेल्या माणसाचा बिल्ला आडवा आला म्हणून? आणि हे वहीत चढवावं लागेल. चाळीस वर्षांत त्यांच्या नावावर डाग नाही. ओळंबा अवजार विसरला, असं त्यांची लेक लिहिणार?"

आरसा कुठे कचऱ्यात गेला असला तर? मग बाबांचं नाव फुकट जाणार.

"मागची सीट काढा. त्या दिवशी बाबा तिथेच काम करत होते," ती म्हणाली.

दीड तास गेला. पाहुणे घड्याळं बघत निघून गेले. "उंदीरसुद्धा निघायचा नाही," कुणीतरी पुटपुटलं. काका कमरेपर्यंत आत शिरले होते. त्यांची बडबड एकाएकी थांबली.

"ताई," ते म्हणाले. लहानपणापासून त्यांनी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं.

आरसा सीटखाली, विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या काठीच्या सळईमागे वीतभर अंतरावर पडला होता. म्हणून सकाळच्या तपासणीत काठी मोकळी फिरली होती. सूर मारताना नाक खाली गेलं की तो घरंगळत पुढे आला असता. काकांनी बोटाने तो तेवढा सरकवला. पुढच्या सीटवरून वैमानिकाने काठी मागे ओढली. ती अर्ध्यात अडकली. सूर मारल्यावर वर यायला ती पूर्ण मागे यावी लागते. वैमानिकाने पुन्हा ओढली. पुन्हा अडकली.

तो शिडी उतरला आणि शेवटच्या पायरीवरच बसला. कपाळ पुसत म्हणाला, "पण बिल्ला लावलेला होता ना त्यांनी? मग विसरले कुठे? सांगून गेले की. आपणच एकोणीस दिवस त्याला नमस्कार करत बसलो."

साहेबांनी वही तिच्यापुढे धरली.

'चूक कोणाची' या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. मग आरसा पुसला, त्यात न बघता फळ्यावर टांगला, आणि नियमाप्रमाणे बिल्ला काढला.