चार डोलकाठ्या आणि जुना पूल

त्या आठवड्यात शहराच्या नदीत शिडांची सात नामांकित जहाजं पाहुणी म्हणून येणार होती. त्यातलं सगळ्यात मोठं, चार डोलकाठ्यांचं जहाज आत आणायचं काम ऐनवेळी मोजपट्टींच्या गळ्यात पडलं.

मोजपट्टी म्हणजे बंदरातले एक पायलट. नदीच्या मुखाशी जहाजावर चढायचं आणि वळणं, गाळ, पूल सांभाळत ते धक्क्याला लावायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांच्या हातून एका मालवाहू जहाजाची क्रेन जुन्या पुलाला घासली. माणसं बचावली, पण पूल नऊ दिवस बंद राहिला आणि लांबचा वळसा घालता घालता अर्ध्या शहराने त्यांचा उद्धार केला. चौकशीवाल्यांनी ताकीद देऊन सोडलं. मोजपट्टींनी स्वतःला सोडलं नाही. आपणहून कचेरीतलं टेबल मागून घेतलं. तिथे प्रत्येक आकडा तीन-तीनदा तपासायचे, म्हणून हे नाव. परवाना मात्र दरवर्षी न चुकता नवा करून घ्यायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जहाज आणणारा पायलट आदल्या दिवशी जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून घेऊन बसला. बाकीचे आपापल्या जहाजांवर. उरले हे एकटे.

सकाळी बूट घालताना बायको म्हणाली, "अहो, नको वाटत असेल तर अजूनही सांगा. आकाश कोसळणार नाही."

"नको वाटतंय," ते म्हणाले. "पण जातो."

आतून सासूबाई आल्या, बाहेर जायची साडी नेसून तयार. "जावईबापू, मी काठावर पहिल्या रांगेत जागा धरायला सांगितलीय. पुन्हा पूल पाडायचा बेत असेल तर आत्ताच सांगा, पलीकडच्या काठावर बसते."

बायकोने कपाळावर हात मारला. मोजपट्टी मात्र खो खो हसले. दोन वर्षांत त्या पुलाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. सगळे त्यांना काचेच्या भांड्यासारखे जपत होते. सासूबाईंनी ते भांडं सरळ टेबलावर आदळलं, आणि ते फुटलं नाही.

दोरीच्या शिडीवरून ते जहाजावर चढले तेव्हा नऊ वाजले होते. शिडं गुंडाळलेली, पितळ लख्ख घासलेलं. कप्तानबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कागद पुढे केला. सर्वांत उंच डोलकाठी आणि पुलाची कमान यांच्यात भरतीच्या तक्त्याप्रमाणे दहा वाजता दीड मीटर जागा राहणार होती. किमान एक मीटर हवी.

"म्हणजे आरामात," कप्तानबाई म्हणाल्या.

"कागदावर," मोजपट्टी म्हणाले.

वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस झाला होता. पाण्याचा रंग त्यांनी होडीतूनच पाहिला होता, गढूळ, काटक्या वाहून आणणारा. शेवटच्या वळणानंतर पूल दिसला तशी त्यांनी दुर्बीण लावली आणि पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे वाचले. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी तक्त्यापेक्षा जवळजवळ एक मीटर वर होतं. डोलकाठी आणि कमान यांच्यात जेमतेम अर्धा मीटर.

"थांबावं लागेल," ते म्हणाले. "ओहोटी लागलीय. तासाभरात पाणी पुरेसं उतरेल."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. धक्क्यावरून बंदराचे मोठे साहेब बोलत होते. "काय चाललंय? जहाज मंदावलं का? इथे बँड उभा आहे, पाहुणे उन्हात ताटकळतायत!"

"साहेब, पाणी जास्त आहे. एक तास द्या."

"तासभर? अहो, अर्धा मीटर तरी आहे ना? बसतंय ना? मग आणा की!"

मोजपट्टींनी पुन्हा एकदा खांबावरच्या आकड्यांकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न विचारला होता, याच आवाजाने, आणि तेव्हा ते 'हो साहेब' म्हणाले होते. चौकशीत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, हो म्हणणारी जीभ तर त्यांचीच होती.

"बसतंय," ते म्हणाले, "पण एक लाट आली की बसणार नाही. मी आणणार नाही, साहेब."

"मग लेखी खुलासा द्यावा लागेल!"

"देतो. आज वेळ आहे."

त्यांनी वायरलेस खाली ठेवला. कप्तानबाई त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या. शेवटी जहाज त्यांचं होतं, निर्णयही त्यांचाच.

"पूल घासला होता तो पायलट तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "बंदरातून काल कुणीतरी मला सावध केलं."

"मीच. तेव्हा थांबलो नव्हतो."

कप्तानबाई वळल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "नांगर टाका!" मग मोजपट्टींना म्हणाल्या, "कॉफी घेणार का चहा?"

ते चहा प्यायले. काठावर माणसांची रांग कंटाळली, बसली, पुन्हा उठली. बँडवाल्यांनी टोप्या काढून वारा घेतला. खांबावरचे आकडे एकेक करून उघडे पडू लागले. अकरा वाजून पाच मिनिटांनी मोजपट्टींनी पेला खाली ठेवला. "चला."

इंजिनाने जोर धरला. प्रवाह समोरून येत होता. मोजपट्टी एकेक अंश सांगत होते आणि सुकाणूवरचा खलाशी तोच परत म्हणत होता. जहाज पुलाच्या सावलीत शिरलं. पहिली डोलकाठी गेली. दुसरी. सर्वांत उंच तिसरी कमानीखाली आली तेव्हा मोजपट्टींनी वर पाहिलं नाही; त्यांची नजर पाण्यावर होती. मग डेकवरून कुणीतरी जोरात टाळी वाजवली, आणि चौथी डोलकाठी उन्हात आली.

पुलाच्या पलीकडे शहर ओरडत होतं. बँड कुठली धून वाजवतोय हेही कळत नव्हतं.

धक्क्यावर मोठे साहेब तोंड फुगवून उभे होते, पण पाहुण्यांसमोर हात मिळवणं त्यांना भाग होतं. खुलासा त्यांनी मागितलाच. मोजपट्टींनी तो दुपारी लिहिला, खांबावरच्या आकड्यांसकट, आणि या वेळी दोन वर्षांपूर्वीचा तो प्रश्नही लिहिला. खाली कप्तानबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली.

संध्याकाळी जहाज लोकांसाठी खुलं झालं तशा सासूबाई कठड्याला धरून वर आल्या, मान उंच करून डोलकाठ्या पाहत राहिल्या. "एवढं धूड तुम्ही आणलंत?" त्या हळूच म्हणाल्या. टोमणा काही आला नाही.

बायकोने त्यांच्या दंडाला धरलं होतं, ते सोडलं नाही.

कप्तानबाई जवळ आल्या. "रविवारी आम्ही निघतो. प्रवाह मागून असेल, जास्त अवघड. मी कचेरीत तुम्हालाच मागितलंय. येणार?"

मोजपट्टींनी बायकोकडे पाहिलं, मग नदीकडे.

"शनिवारी पाणी बघून जातो," ते म्हणाले. "वेळ मात्र मी ठरवणार."

"तीच तर हवीय," कप्तानबाई म्हणाल्या.